तुम्ही विचारलंत म्हणून: मी फुली पहिल्याच दिवशी का शिकवत नाही

"ताई, मिश्रणाच्या गणिताला तुम्ही एलिगेशनची फुली पहिल्याच दिवशी का शिकवत नाही?" (फुली म्हणजे दोन मालांचे आकडे वर, मिश्रणाचा मधे, आणि तिरकी वजाबाकी करून खाली गुणोत्तर काढायची झटपट पद्धत.) प्रत्येक बॅचला कुणीतरी हे विचारतंच, मग तेच मेसेजवर येतं, मग पालक विचारतात, आणि त्यामागे न बोललेलं एक वाक्य असतं की बाकी सगळे हे गणित २० सेकंदांत उडवतात आणि तुमच्याकडे दोन मिनिटं जातात. दर वेळी अर्धवट उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

मी फुलीच्या विरोधात नाहीये. स्वतः रोज वापरते. ४० आणि ५५ भावाचा माल मिसळला, मिश्रण ५४ ला विकून २० टक्के नफा झाला, तर कुठल्या प्रमाणात मिसळला? ५४ भागिले १.२, मिश्रणाची खरेदी किंमत ४५, तिरकं वजा केलं की १० आणि ५, म्हणजे २:१, झालं. पण याच गणितात कितीतरी मुलं ५४ तसाच मधे टाकतात आणि १:१४ काढतात, आणि पेपर काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, १:१४ ऑप्शनमध्ये असतोच. काही जण ५४ मधून सरळ २० टक्के वजा करतात, मग मधे ४३.२ येतो आणि उत्तर ५९:१६. फुली तरीही उत्तर देतेच. मधला आकडा दोन टोकांच्या आत असला की ती कधीच अडत नाही, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते.

पूर्वी मी अशी नव्हते. सुरुवातीची काही वर्षं मीही पहिल्या तासाला फळ्यावर फुली काढायचे, मुलं खूश, मी खूश. तेव्हा एक मुलगी होती माझ्याकडे, तिसऱ्यांदा परीक्षा देत होती, गणिताला फार घाबरायची आणि फुलीने तिला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला जमतंय. वहीची पानंच्या पानं फुल्यांनी भरलेली. पेपर झाल्यावर ती सरळ माझ्याकडे आली, आठवून लिहिलेला प्रश्न घेऊन. आकडे साधारण असे: एक माल ३० भावाचा, तो १० टक्के नफ्याने विकला, दुसरा २० भावाचा, तो २५ टक्के नफ्याने, एकूण नफा २० टक्के, तर दोघांच्या वजनाचं गुणोत्तर काय. तिने १० आणि २५ वर लिहिले होते, २० मधे, खाली ५ आणि १०. उत्तर १:२. फुली पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. मी बघितलं आणि काही बोलायच्या आतच तिला कळलं, कारण माझा चेहरा. ती म्हणाली, "ताई, पण फुली तर बरोबर आहे ना?"

फुली बरोबरच होती हो. १:२ हे खरेदीत घातलेल्या पैशांचं गुणोत्तर होतं. नफ्याचा टक्का खरेदी किमतीवर काढतात, म्हणून टक्के फुलीत टाकले की बाहेर येतं ते खरेदी किमतीचंच गुणोत्तर. वजन हवं तर १ ला ३० ने आणि २ ला २० ने भागायचं, म्हणजे १:३. एक किलो पहिला, तीन किलो दुसरा घेऊन बघा: खरेदी ९०, नफा ३ आणि १५ मिळून १८, बरोबर २० टक्के. हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. कारण खरं सांगायचं तर मला स्वतःला तेव्हा हे इतकं स्पष्ट माहीत नव्हतं, मी ज्या प्रकारची गणितं शिकवायचे त्यात दोन्ही भागांचा भाव एकच असायचा, त्यामुळे कधी अडलंच नाही. ती एका मार्काने राहिली असं काही मी म्हणणार नाही, त्या पेपरात अजून बरंच चुकलं होतं. पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून मी आधी एकच विचारते: गुणोत्तर आलं, पण कशाचं? नियम साधा आहे, फुलीत टाकलेल्या आकड्याच्या छेदात जे असतं त्याचं. भाव किलोमागे असेल तर किलोचं, वेग तासामागे असतो म्हणून वेळेचं, अंतराचं नाही. दूध-पाण्यातही तेच. ३:१ आणि ५:३ अशी दोन भांडी सारख्या मापाने एकत्र केली तर मुलं बेरीज करून ८:४ लिहितात. तसं होईल, पण कधी? पहिल्यातून ४ लिटर आणि दुसऱ्यातून ८ लिटर घेतलं तर. सारखं घेतलं तर दुधाचा भाग ३/४ आणि ५/८ यांची सरासरी, म्हणजे ११/१६, उत्तर ११:५. हे समजायला पहिले चार-पाच तास जातात, जाऊ देत, असं मी म्हणायचे.

म्हणायचे, कारण गेल्या वर्षी एका मुलाने माझी बाजूही मोडून काढली. त्याला सगळं समजायचं, छेद, भार, समीकरण, सगळं. पण सराव पेपरात प्रत्येक मिश्रणाला तो क्ष धरून बसायचा आणि शेवटचे आठ-नऊ प्रश्न कोरे राहायचे. तो म्हणाला, "ताई, समजलंय पण हात चालत नाही." त्याला मी फुली अगदी शेवटी दिली होती, सराव कधी करणार तो? तेव्हा मला माझीच जुनी मी आठवली, पहिल्या तासाला फळ्यावर फुली काढणारी, आणि तिचं सगळंच चूक होतं असं आता छातीठोकपणे म्हणवत नाही. घाबरलेल्या मुलीला पहिल्यांदा जमल्यासारखं वाटलं होतं ते तिच्यामुळेच.

सध्या फुली तिसऱ्या तासाला काढते, आणि खाली आलेल्या दोन आकड्यांपुढे किलो, तास किंवा खरेदी असं लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. दुसऱ्या तासाला काढावी का, हे पुढची बॅच सुरू होईपर्यंत ठरवायचंय.