गोधडीवर उठलेली इस्त्री

फोंड्याला माझं अल्टरेशन आणि रफूचं छोटं दुकान आहे. पावसाळ्यात इस्त्रीने जळलेले कपडे जास्त येतात, कारण गोव्यात जुलैत काही वाळतच नाही, मग लोक दमट कपड्यावर फुल गरम इस्त्री दाबून धरतात आणि तेवढ्यात फोन वाजतो. पण गोधडी जळून आलेली मी पहिल्यांदाच बघितली.

एक नवीन लग्न झालेली मुलगी आली, पिशवीतून गोधडी काढली आणि आधी दाराकडे बघितलं कोणी ओळखीचं नाही ना म्हणून. "काकी, सासूबाई चवथीला मुंबईहून येतायत, त्यांच्या आईची आहे ही, काहीतरी करा." बघते तर मधोमध अख्खी इस्त्री उठलेली, टोकासकट!

मी गोधडी उलटीपालटी करून बघितली तर चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुलं शिवलेली. म्हटलं अगं, ही आपल्याकडची गोधडी नव्हे, ही कवंदी, सिद्दी बायकांच्या हातची. कर्नाटकात यल्लापूर-हळियाळकडे सिद्दी लोक राहतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले गुलाम, इथून पळून घाटावरच्या जंगलात गेलेले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांचे तुकडे लावत कडेकडून शिवायला घेतात आणि गोल फिरत मध्यावर येऊन संपवतात. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं, तिला फक्त डाग घालवायचा होता.

डाग म्हणतात, पण तो डाग नसतोच, जळलेला धागा असतो, त्यामुळे साबण घासून काही होत नाही. आधी ठरवायचं कापड कुठलं. जळलेल्या कडेचा एकेक धागा उपसून काडी लावली. एक कागदासारखा जळून राख झाला, म्हणजे सुती. दुसरा आक्रसून काळा टणक मणी झाला, म्हणजे टेरिकॉट, पॉलिस्टर मिसळलेलं कापड, कुणाचा तरी जुना शर्ट असणार. पॉलिस्टर वितळतं साधारण 250-260 अंशांना, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडून चकाकायला लागतं, आणि इस्त्री कॉटनवर ठेवली की ती 200 च्या आसपास जाते, दाबून धरली तर आणखी वर. तो तुकडा वाचणार नाही हे तिथेच सांगून टाकलं.

सुती तुकड्यावरची पिवळट कड मात्र निघण्यासारखी होती. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा 6 टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी घालायचं, आधी मागच्या बाजूला थेंब टाकून रंग जातोय का बघायचं, मग बोळ्याने हळूहळू टिपायचं आणि शेवटी साध्या पाण्याने चांगलं काढून टाकायचं. मुलगी घरून क्लोरीनवालं ब्लीच घेऊन आली होती, ते मी काउंटरखाली ठेवून दिलं! आधीच कमजोर झालेलं सूत त्याने पार फाटतं, रंग जातो तो वेगळाच.

मधला काळा भाग कापून काढला, कारण तसाच ठेवून वर ठिगळ मारलं तर तो आतल्या आत चुरा होत राहतो. खाली मऊ जुनं धोतर घातलं, वरून तुकडा, तोसुद्धा जळक्या कडेच्या बोटभर पलीकडे चांगल्या कापडापर्यंत नेलेला. नवं कापड लावलं असतं तर लांबून ओरडलं असतं, म्हणून गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या जुन्या साड्यांच्या गाठोड्यातून विटलेला निळा शोधला. रंग जुळला नाही. नाही तर नाही, कवंदीत रंग जुळतात कुठे?

खरी गंमत टाक्यांत होती. आपल्या गोधडीचे धावदोरे बहुतेक सरळ जातात, इथे ते चौकोनात वळत वळत आत येत होते आणि जळलेलं नेमकं वळणावरच. मी पहिली ओळ सरळ घातली असती तर कोणीही बोट ठेवून सांगितलं असतं की इथे दुसऱ्या कुणाचा हात लागलाय. म्हणून आजूबाजूच्या ओळी खडूने पुढे ओढून घेतल्या, टाक्याची लांबी त्या बाईच्या टाक्याएवढी ठेवली, तिचे टाके थोडे तिरके पडत होते तर मीही तिरकेच घातले. मशीन लावायचा प्रश्नच नव्हता.

न्यायला आली तेव्हा मुलीला जागा पटकन सापडेना, खूश झाली. मग पैसे सांगितले तर म्हणते, काकी एवढ्यात म्हापशाच्या बाजारात नवीन मिळेल. म्हटलं आण मग, सासूबाईंना तीच दाखव. दिले बापडीने.

जाताना विचारलं, इस्त्री साफ केलीस का गं? नव्हती केली. वितळलेलं पॉलिस्टर इस्त्रीच्या तळाला तसंच चिकटलेलं, आणि तीच इस्त्री चवथीसाठी नवऱ्याच्या पांढऱ्या कुर्त्यावर फिरवणार होती. सांगितलं, इस्त्री हळूहळू गरम कर, प्लास्टिक मऊ पडलं की प्लग काढ आणि लाकडी उलथन्याने खरवड, सुरी लावू नकोस, मग जुन्या टॉवेलवर फिरवत राहा काळं उठायचं बंद होईपर्यंत. नाहीतर कुर्ता घेऊन येशील परत, आणि पांढऱ्यावर मला निळं ठिगळ लावता येणार नाही.