हाफ टायमाला गोलकीपर घरी गेली

सोलापूरला मी काही फुटबॉल बघायला गेलो नव्हतो. मावसभावाचा साखरपुडा होता. कोल्हापूरहून मंगळवेढ्यामार्गे एसटीनं पोचेपर्यंत पाठीचा भुगा झाला. लॉजवाल्यानं किल्ली देतानाच बजावलं, "पाणी जपून वापरा, इथं रोज येत नाही." साखरपुडा झाला, सिद्धेश्वराचं दर्शन झालं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी झाली. तेवढ्यासाठी मी लिहायला बसलो नसतो.

शनिवारी दुपारी चादरी घ्यायला पूर्व भागात निघालो. अशोक चौकाच्या पुढं गल्लोगल्ली यंत्रमागांची खडखड, आणि एका मोकळ्या जागेत मॅच रंगलेली. सकाळची शाळा सुटलेली पोरंपोरी, गोलपोस्ट म्हणून दप्तरांचे ढीग. "पास दे की बे!" असा आरडाओरडा. आम्ही कोल्हापूरच्या पेठेतली माणसं, चेंडू दिसला की पाय आपोआप थांबतात.

एका बाजूची गोलकीपर बारा-तेरा वर्षांची पोरगी. हातात मोटारसायकलवाल्याचे हातमोजे, एकाची करंगळी फाटलेली. दोन गोल तिनं असे अडवले की मी रस्त्यावरनंच ओरडलो. हाफ टाईम झाला तसे तिनं हातमोजे काढून धाकट्या भावाच्या हातात दिले आणि चालू लागली.

"अगं, कुठं चाललीस? जिंकताय की!"

"पत्ती कापायची हाय, काका. उद्या माल द्यायचाय आईला."

सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका घरोघर आहेत, त्यामुळं पत्ती म्हणजे विडीचं तेंदूपान, हे विचारावं लागलं नाही.

मला आठवली ती शनिवारचीच एक जुनी गोष्ट. 1850 च्या कायद्यानं इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांतल्या बायकामुलांना शनिवारी दुपारी दोनला सुट्टी मिळाली. पुढं ती इतर कामगारांपर्यंत पोचली, आणि तीनच्या मॅचची रीत पडली. 1883 साली ब्लॅकबर्न या गिरणीगावच्या संघानं एफए कप या तिथल्या फुटबॉल स्पर्धेच्या फायनलला साहेबांच्या पोरांचा, ओल्ड इटोनियन्सचा, 2-1 असा पराभव केला. संघात विणकर होते, सूत कातणारा होता. सोलापुरात जुनी मिल 1877 ला सुरू झाली, म्हणजे काळ तोच. भोंगा इथंही वाजत होता.

बायकांचं मात्र तिथंही बिनसलं. 1920 च्या डिसेंबरात प्रेस्टनच्या कारखान्यातल्या पोरींची मॅच बघायला लिव्हरपूल शहरातल्या मैदानात 53,000 माणसं आली होती. वर्षभरात फुटबॉल संघटनेनं 'हा खेळ बायकांना शोभत नाही' म्हणून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी उठायला जवळपास पन्नास वर्षं लागली.

आमच्या कोल्हापूरचं तरी काय? शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांच्या मॅचला उभं राहायला जागा मिळत नाही, पण त्या गर्दीत बायका मोजायला बसलं तर लवकर मोजून होतात. कबूल करतो, मी स्वतः धाकट्या बहिणीला अंगणात कायम बॉल आणून द्यायला ठेवली. खेळायला एकदाही घेतली नाही.

चादरींच्या दुकानात घासाघीस करण्यात तासभर गेला. शंभर रुपये कमी करून घेतले म्हणून मावसभाव खूश. परत येताना तीच गोलकीपर एका उंबऱ्यावर दिसली. शेजारी आईच्या मांडीवर सूप, तंबाखूचा उग्र वास. पोरगी पानावर पत्र्याचा साचा ठेवायची, कात्री फिरवायची, तुकडा बाजूला टाकायची. पायात अजून मातीनं माखलेले मोजे.

मान वर न करताच तिनं विचारलं, "काका, मॅच काय झाली?"

मी काय सांगणार! चादरीची पिशवी या हातातनं त्या हातात घेतली.