तुम्ही विचारलंत म्हणून: ठमी आता हात का देत नाही

‘ही हात देते ना? बघू बघू!’ घरी येणारा प्रत्येक जण टेकायच्या आधी हे म्हणतो. माझी मांजर ठमी त्याच्याकडे पाठ करून बसते. मग दुसरा प्रश्न. ‘आता का नाही देत? विसरली का?’ आणि वर एक शेरा: ‘मांजरं शिकतच नाहीत हो, कुत्र्याचं वेगळं.’ दोन वर्षं मी हसून विषय बदलत आलेय. आता एकदाच लिहून टाकते, पुन्हा विचारू नका.

आधी तो शेरा. मांजरं शिकतात. 1898 साली एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या मांजरांना लाकडी पेट्यांत कोंडलं होतं. दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडायचं, बाहेर खाणं ठेवलेलं. पहिल्यांदा सगळी धडपड, ओरबाडणं. मग दर खेपेला वेळ कमी कमी होत गेला. त्याने कुत्रीही वापरली होती, पण गाजली ती मांजरं.

मी ठमीला कशात कोंडलं नाही. बॉलपेन घेतलं. टक्, आणि लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा कण. जेवणाआधी दोन-तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही. मांजर कंटाळलं की उठून जातं आणि ते त्याचं शेवटचं उत्तर असतं. कण नाकावरून डोक्यामागे नेला की मान वर जाते आणि बूड आपोआप खाली टेकतं. झालं ‘बस’. ‘हात’साठी कण मुठीत लपवायचा. ती हुंगते, चाटते, शेवटी वैतागून पंजा मारते. पंजा मुठीला लागला त्याच क्षणी टक्. जरा उशीर झाला तर पंजा खाली घेतल्याचं बक्षीस मिळतं आणि ती तेच शिकते. शब्द सगळ्यात शेवटी जोडायचा. यात माझं काही मोठं कौशल्य नव्हतं, आवाज तेवढा वेळेवर काढायचा होता.

एकच हट्ट माझा. हात उजवाच हवा. हस्तांदोलन कोणी डाव्या हाताने करतं का? डावा आला तर टक् नाही, कण नाही. पंधरा-वीस दिवसांत ती फक्त उजवा द्यायला लागली आणि पुढे कित्येक वर्षं देत राहिली. तुम्ही पाहिलेले सगळे व्हिडिओ तेव्हाचे.

ठमी बारा वर्षांची होती. एका संध्याकाळी ‘हात’ म्हटलं. बसली, मुठीकडे पाहिलं आणि डावा पंजा ठेवला. मी नाही म्हटलं. पुन्हा डावा. कण डब्यात गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने उजवा जमिनीपासून जेमतेम उचलला, हवेत धरला, खाली ठेवला आणि डावा माझ्या मुठीवर आणला. आणून तसाच ठेवला, काढेना. मी मूठ मागे घेतली. ‘नखरे पुरे,’ असं मोठ्याने म्हणाले, मला आठवतंय. चौथ्या दिवशी पेन वाजल्यावर ती आली, बसली, थोडा वेळ पाहत राहिली आणि पलंगाखाली निघून गेली. पाचव्या दिवशी मांडीवर झोपली असताना उजव्या पंजावर बोट फिरवलं तर तिने झटका दिला. आतल्या बाजूचं, अंगठ्याचं नख गोल वळून पंजाच्या गादीत घुसलं होतं. ते नख जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही. म्हाताऱ्या मांजराची नखांवरची जुनी टरफलंही नीट निघत नाहीत, नख जाड होऊन वळत जातं. हे सगळं मला नंतर समजलं. डॉक्टरांनी नख कापून बाहेर ओढलं तेव्हा खाली भाताच्या शिताएवढं भोक होतं.

‘लंगडत होती का?’ त्यांनी विचारलं. नाही म्हणाले. खरंच लंगडत नव्हती, मांजरं दुखणं लपवतात. ती रोज डावा पंजा माझ्या मुठीवर ठेवत होती, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात शिकवण्याचा काय दोष? मीही तेव्हा स्वतःशी हेच भांडले. नखं तपासली नाहीत ही चूक वेगळी; उलट ‘हात’ शिकवला होता म्हणून तर बदल दिसला. मुद्दा बिनतोड आहे. फक्त एवढंच की बदल मला पहिल्याच दिवशी दिसला होता, आणि मी त्याला नखरे म्हटलं.

1946 साली गथ्री आणि हॉर्टन या मानसशास्त्रज्ञांनी मांजरं पेटीत ठेवून त्यांचे फोटो काढले. खांबाला अंग घासलं की दार उघडायचं, आणि प्रत्येक मांजर ठराविक ढबीनेच घासायचं. शिकण्याचा उत्तम पुरावा, असं ते म्हणाले. 1979 मध्ये मूर आणि स्टटर्ड यांनी दाखवलं की दार उघडत नसलं, खाणं मिळत नसलं तरी समोर माणूस दिसला की मांजरं तशीच घासतात. माणूस दिसत नसेल तर नाही. म्हणजे तो नमस्कार होता. हे वाचल्यापासून मला डोळ्यांसमोर तो मुठीवर तसाच राहिलेला पंजा येतो. तेव्हा तो कणासाठी होता असं मी धरून चालले होते, आणि कदाचित होताही.

जखम आठवड्यात भरली. उजवा तिने पुन्हा दिला नाही. मी दोनदा मागितला, मग सोडून दिलं. डावा अधूनमधून, कोणी न मागता, गुडघ्यावर येतो.

दुसरं मांजर आलं तर शिकवशील का, हेही विचारता. हो, बहुधा. उजव्याचा हट्ट धरणार नाही म्हणते खरी, पण मी मला ओळखते.

एक तेवढं करा. आलात की बॉलपेन टकटकवत बसू नका. ती उठून येते, तुमच्यासमोर नीट बसते, आणि तुमच्या हातात काहीच नसतं.