ताईच्या डोक्यातला गोवा

माझी भाची सोळा वर्षांची, राहते इंग्लंडमध्ये स्विंडनला, पासपोर्ट पोर्तुगालचा, आणि पोर्तुगाल तिने अजून बघितलेलाच नाही. बाहेरच्यांना हे अजब वाटतं पण आमच्या गोव्यात अशी एखादी फॅमिली तुम्हाला ओळखीत सापडेलच. १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त व्हायच्या आधी इथे जन्मलेल्या माणसाचा जन्म लिस्बनला नोंदवता येतो, मग मुलंनातवंडांचा रस्ता मोकळा. भावोजींच्या वडलांचा तसा नोंदवला आणि ब्रेक्झिटच्या आधी, पोर्तुगालच्या पासपोर्टवर इंग्लंडला राहता यायचं तेव्हा, ही सगळी तिकडे गेली. भारताचं नागरिकत्व सुटलं, आपल्याकडे दोन ठेवता येत नाहीत.

शाळेत खरे पोर्तुगीज मुलगे हिच्याशी पोर्तुगीज बोलायला येतात, हिला 'ओब्रिगादा'च्या, म्हणजे थँक्यूच्या, पुढे काही येत नाही. गोऱ्या मैत्रिणी विचारतात तू मूळची कुठची. आणि इथे आली की बाजारात जो तो, "केन्ना आयलें गो? केन्ना वतलें?" म्हणजे आल्या आल्या जायची तारीख सांगायची!

२०२५ ला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला आली, तिकडे शाळेला सुट्टी, म्हणून बऱ्याच वर्षांनी जमलं. गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला कुठची कुठची फळं बांधतात ते तिला आमच्या पोरांपेक्षा जास्त माहीत, तोरिंजन म्हणू नका कवंडळ म्हणू नका, आरत्या तर सगळ्या पाठ, ताईने तिथे करून घेतल्यात.

सगळे म्हणतात बिचारी दोन संस्कृतींत अडकली. मला काय ते तितकंसं पटत नाही. दोन-दोन तर आमच्याकडे कायमच आहे, घरात कोकणी, आरती मराठी, पेपर मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, १९८७ च्या राजभाषा कायद्यावरून अजून भांडतोय पण म्हणून कुणाचा घास अडकत नाही. तिची अडचण वेगळी आहे. ताई गेली तेव्हाचा गोवा सोबत घेऊन गेली आणि तिथे फ्रीजरमध्ये ठेवला. त्या गोव्यात मुली दिवेलागणीला घरी, मैत्रिणीकडे झोपायला जायचं नाही, मुलग्यांचे फोन नाहीत. इथे माझी मुलगी एकोणीस वर्षांची, स्कूटर घेऊन पणजीला कॉलेजला जाते, इफ्फी, म्हणजे फिल्म फेस्टिवल, असली की शेवटचा पिक्चर बघून येते.

भाची हे सगळं बघत होती. एका रात्री जेवताना सरळ बोलली, "मम्मा, तू सांगतेस आपल्या गोव्यात असं चालत नाही. इथे तर सगळं चालतं. मग हे रूल्स कुठचे?"

आई खतखतं वाढत होती, ती म्हणाली जेव गो आधी. ताई काहीच बोलली नाही.

नंतर भांडी पुसताना मी ताईला म्हटलं, पोरगी चुकीचं काय बोलली? तर माझ्यावरच उखडली. "तुला बोलायला सोपं आहे. तुझी पोरगी उशिरा आली तर अर्धा वाडा तुला सांगेल कुठे होती ते. मी वेअरहाऊसला नाईट करते, हे पण शिफ्टला, तिथे मला कोण सांगणार?"

यावर काय बोलणार. पण हे तिला कधी सांगितलंस का विचारलं तर म्हणे नाही, उगाच टेन्शन घेईल. म्हणजे पोरगी इतकी वर्षं संस्कृतीशी भांडतेय आणि समोर आहे आईची नाईट शिफ्ट. तिला कळलं असतं तर ती भांडली असतीच, सोळा वर्षांची आहे, पण निदान बरोबर गोष्टीशी भांडली असती.

सांग तिला, म्हटलं. बघू म्हणाली. परत जाईपर्यंत तरी सांगितलं नव्हतं.