अफरवाटवरचा तिसरा खड्डा

हिमस्खलनाचा धोका ओळखायला शिकवणाऱ्या वर्गासाठी पुण्याहून गुलमर्गच्या अफरवाट डोंगरावर गेलो, तेव्हा बर्फात पुरलेला बीकन (संकेत पाठवणारे छोटे यंत्र) शोधताना माझी त्रेधा उडेल असे वाटले होते. ते सहज जमले; अडलो तो खड्ड्यात.

ज्या उतारावर जायचे, त्याच दिशेच्या सुरक्षित जागी बर्फ जमिनीपर्यंत खणायचा आणि उभ्या भिंतीतला प्रत्येक थर दाबून पाहायचा: मूठ शिरते, चार बोटे, एक बोट, पेन्सिल की फक्त सुरी. वरचा थर घट्ट होता. जमिनीलगत मात्र मूठ सरळ आत गेली आणि हातमोज्यावर जाड साखरेसारखे सुटे दाणे आले. हंगामाच्या सुरुवातीचा बर्फ पातळ असताना खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वरची निरभ्र रात्र कडक थंड असली, की दर 10 सेंटिमीटरला 1 अंशाहून जास्त फरक पडतो आणि असे दाणे तयार होतात.

त्यानंतर 30 सेंटिमीटर रुंद व मागेही तितकाच आत जाणारा बर्फाचा स्तंभ कापून, त्यावर फावड्याचे पाते ठेवून मनगटातून 10, कोपरातून 10 आणि खांद्यातून 10 थापा मारायच्या आणि तो कितव्या थापेला तुटतो ते मोजायचे. माझा पहिला स्तंभ मागची बाजू कापतानाच ढासळला. दुसऱ्या खड्ड्यात घाईने कोपराच्या थापा खांद्यातून मारल्या, म्हणून प्रशिक्षकांनी तो आकडा खोडला. (हातमोज्यांचा दुसरा जोड न्यावाच, माझा तोवर भिजला होता.) तिसरा खड्डा खणताना मी मनातल्या मनात त्यांना बरेच काही बोललो.

त्या वेळी स्तंभ 23व्या थापेला तुटला. आकडा मोठा म्हणजे उतार भक्कम, असे समजून मी खूश झालो. त्यांनी मात्र वरचा ठोकळा कसा सुटला ते पाहायला सांगितले. तो पाटासारखा सपाट, एका झटक्यात माझ्या गुडघ्यांवर आला होता. शेजारी 90 सेंटिमीटर रुंदीचा स्तंभ कापून एका टोकाला थापा मारल्या, तर भेग क्षणात दुसऱ्या टोकापर्यंत गेली; म्हणजे उतारावरही ती अशीच पसरून वरचा थर घसरू शकत होता. उतार 35 अंशांचा, म्हणजे हिमस्खलनाला पुरेसा तीव्र होता. बेत तिथेच रद्द झाला.

माझा राग अजून खड्ड्यातल्या नोंदींच्या त्या छापील तक्त्यावर आहे. थापांच्या आकड्याला त्यात ऐसपैस चौकट, आणि तुटण्याच्या प्रकाराला कोपऱ्यातला बोटभर रकाना, जो मी रिकामाच सोडला होता. संध्याकाळी पट्टी घेऊन मी तो रुंद आखला.