पाचशे मिलिमीटरमधून दिसलेले येलहंकाचे आकाश

फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूच्या येलहंका हवाई तळावर ‘एरो इंडिया’चे चौदावे प्रदर्शन भरले, तेव्हा एका मासिकासाठी तेथील छायाचित्रे काढण्याचे काम माझ्याकडे होते. हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ या कसरती पथकातील दोन हॉक विमाने समोरासमोरून येऊन एकमेकांना छेदतात, तो क्षण संपादकांना हवा होता.

सकाळी ‘तेजस’च्या उड्डाणाने सुरुवात झाली. माझ्याकडे २००–५०० मिमीची, सुमारे २३०० ग्रॅम वजनाची लेन्स होती. शटर १/२००० सेकंदावर होते आणि लेन्समधील स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा, चालू होता, त्यामुळे मी निश्चिंत होतो. पडद्यावर फ्रेम मोठ्या करून पाहिल्या, तेव्हा मात्र पोटात गोळा आला. काही फ्रेममध्ये शेपूट कापली गेली होती, काहींत विमान एका कोपऱ्यात सरकले होते आणि जवळजवळ सर्वच चित्रांची धार बोथट होती.

शेजारी माझ्यासारखेच पुण्याचे एक ज्येष्ठ छायाचित्रकार उभे होते. त्यांनी लेन्सवरच्या बटणाकडे पाहिले आणि म्हणाले, “अरे, हे नॉर्मलवर ठेवलंयस. तू विमानामागे फिरतोयस आणि लेन्स तुला मागे ओढतेय. आणि हात कशाला फिरवतोस? कंबर फिरव.”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. स्टॅबिलायझरमधील जायरो संवेदक कॅमेऱ्याची कोनीय हालचाल मोजतात आणि भिंगांचा एक गट तिच्या उलट दिशेने सरकवतात. हाताची थरथर आणि छायाचित्रकाराने मुद्दाम दिलेला वळसा यांतला फरक ही यंत्रणा ओळखू पाहते. पण माझ्या लेन्सच्या नॉर्मल प्रकारात प्रत्येक फ्रेमच्या आधी भिंगांचा तो गट मध्यावर परत येत असल्याने लागोपाठच्या फ्रेममध्ये विमान उडी मारल्यासारखे दिसत होते. मी बटण ‘स्पोर्ट’ या वेगवान विषयांसाठीच्या प्रकारावर आणले. शिवाय विमान टप्प्यात येण्यापूर्वीच शटरचे बटण अर्धे दाबून ठेवू लागलो, कारण यंत्रणा स्थिरावण्यास अर्धा-एक सेकंद लागतो.

तरीही स्टॅबिलायझर काय करू शकत नाही, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. ताशी ७२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २०० मीटर. असे विमान ५०० मीटर अंतरावरून आडवे गेले, तर ते सेकंदाला सुमारे २३ अंश सरकते, आणि पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ५०० मिमीची चौकट रुंदीला जेमतेम ४ अंशांची असते. कॅमेरा स्थिर धरला, तर विमान सेकंदाच्या पाचव्या भागात चौकटीबाहेर जाते आणि १/२००० च्या शटरलाही चोवीस मेगापिक्सेलच्या चित्रात सोळा-सतरा पिक्सेलचा ओघळ उरतो. हा वेग छायाचित्रकाराच्या अंगानेच गाठावा लागतो. पावले विमान जेथे निघून जाणार तिकडे रोवायची, कोपर बरगडीला टेकवायचे, डावा हात लेन्सच्या पुढच्या भागाखाली ठेवायचा आणि कंबरेतून उलगडत यायचे. मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा एकपायी आधार, मी सकाळीच बाजूला ठेवला होता. विमान डोक्यावर चढू लागले की त्याची अडचणच होते.

हवाई दलाच्याच ‘सारंग’ या कसरती पथकाच्या ध्रुव हेलिकॉप्टरांनी नेमकी उलट परीक्षा घेतली. १/२००० वर पंखे गोठतात आणि हेलिकॉप्टर दोरीने टांगल्यासारखे दिसते, म्हणून मी १/१६० वर उतरलो. येथे स्टॅबिलायझरचे खरे मोल कळले, कारण एवढ्या मंद शटरला हाताची वरखाली थरथर हेलिकॉप्टरच्या धडावर लगेच उमटते. वीसेक फ्रेममागे एखादी स्वच्छ मिळत होती, आणि या कामात हे प्रमाण मला वाईट वाटत नाही.

दुपारी ‘सूर्यकिरण’ आले. तोवर धावपट्टीवरची हवा तापून लहरत होती, त्यामुळे जमिनीलगतची दृश्ये मी सोडून दिली; त्या लहरींवर कोणत्याही यंत्रणेचा इलाज चालत नाही. छेदाच्या वेळी एकाच विमानामागे फिरता येते आणि दुसरे चौकटीत दुप्पट कोनीय वेगाने घुसते, हे हिशेबाने स्पष्ट होते. मी डावीकडून येणारे विमान धरले, शटर १/४००० केले, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवला आणि दुसऱ्याकडे पाहण्याचा मोह टाळून बर्स्ट, म्हणजे लागोपाठ फ्रेमचा मारा, सुरू केला.

अकरा फ्रेमपैकी एकीत दोन्ही विमाने होती. डावीकडच्या हॉकच्या काचेआड वैमानिकाचे शिरस्त्राण ओळखू येत होते. उजवीकडच्या विमानाची कड किंचित पुसट होती. मी ती तशीच, कोणतीही धार न चढवता, संपादकांना पाठवली.