मुलींना सेटिंग शिकवा

आमच्या कारखान्यात इतक्या बायका कामाला आहेत, असं कुणी कौतुकानं सांगितलं की मी लगेच विचारते, त्यात सेटर, म्हणजे नव्या कामासाठी मशीन जुळवून देणाऱ्या, किती? बहुतेक वेळा समोरचा माणूस जरा अडखळतो. मग कळतं की बायका पॅकिंगला आहेत, असेंब्लीला आहेत, तपासणीच्या टेबलावर आहेत, बर, म्हणजे कापलेल्या कडेची धारदार कुसळं, काढायला आहेत. मशीनपुढे ज्या उभ्या आहेत त्या जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, लावतात, दार बंद करतात, हिरवं बटण दाबतात आणि जॉब काढतात. ऑफसेटला, म्हणजे मशीनमध्ये भरलेल्या टूलच्या मापाला, हात लावायची वेळ आली की कुणा भाईला हाक मारायची.

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन सांभाळते. पंपाचे आणि व्हॉल्व्हचे भाग आम्ही करतो. डिप्लोमा झाल्यापासून याच कामात आहे, आणि इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. मुलींना कारखान्यात आणायचं असेल, टिकवायचं असेल, तर त्यांना सेटिंग शिकवा. बाकीचं सगळं त्यानंतर.

सेटिंग म्हणजे काय ते, आमच्या सीएनसी लेथचं (कॉम्प्युटरवर चालणारं, जॉब फिरवत कापणारं मशीन) उदाहरण घेऊन, जरा सविस्तर लिहिते. नवा जॉब आला की आधी चकचे, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीचे, सॉफ्ट जॉ (मऊ जबडे) त्या जॉबच्या मापाला बोअर करून, म्हणजे आतून कापून, घ्यायचे, म्हणजे पकड सगळीकडून सारखी बसते आणि जॉब डगमगत फिरत नाही. ड्रॉइंग वाचून टूल टरेटवर, म्हणजे फिरत्या टूलधारकावर, लावायचे. मग एकेका टूलचा ऑफसेट घ्यायचा. जॉबचा फेस (समोरचा पृष्ठभाग) हलका मारून झेड, म्हणजे लांबीची दिशा, शून्य करायचा. बाहेरून एक हलका कट घ्यायचा, मशीन थांबवायचं, मायक्रोमीटरनं व्यास मोजायचा आणि तो आकडा एक्सच्या, म्हणजे व्यासाच्या दिशेच्या, ऑफसेटमध्ये टाकायचा. मग प्रोग्राम सिंगल ब्लॉकवर, फीड (टूल सरकण्याचा वेग) कमी ठेवून, एकेक ओळ बघत चालवायचा. पहिला पीस निघाला की सगळी मापं घ्यायची. बाहेरचा व्यास चाळीस मायक्रॉन जास्त आला तर वेअर ऑफसेटमध्ये (मापात बारीक दुरुस्ती करायची जागा) उणे ०.०४ टाकून पुढचा पीस काढायचा. माप टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकात, बसलं की मग उत्पादन सुरू.

हे सगळं स्वतःच्या जबाबदारीवर करणारा तो सेटर. पगारात फरक असतोच, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं, की सेटरनं नोकरी बदलली तरी त्याचं शिक्षण त्याच्याबरोबर जातं. पॅकिंगची बाई दहा वर्षांनी दुसऱ्या कारखान्यात गेली तर तिथे ती पुन्हा नवीच असते. मूल झालं म्हणून मध्ये दोन-तीन वर्षं घरी राहिलेल्या बाईला तर हे फार भोवतं. सेटर असेल तर तिला परत बोलावणारे फोन येतात. हेल्पर असेल तर तिची जागा आठवड्यात भरलेली असते.

आमच्याकडे बडोद्याजवळच्या पादरा गावाहून येणारी एक मुलगी आहे. आली ती तपासणीला. दिवसभर गो आणि नो-गो प्लग गेज (पहिला भोकात जायलाच हवा, दुसरा जाता कामा नये) घेऊन बोअर, म्हणजे जॉबमधली भोकं, तपासायचे, पास झालेले एका ट्रेमध्ये, नापास दुसऱ्यात. एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, गो गेज जातोय, पण मघापासून घट्ट जातोय." तिच्या वहीत तिनं कितव्या पीसपासून गेज अडायला लागला ते लिहून ठेवलं होतं. इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकावरच्या बदलायच्या पात्याची, धार झिजली की बोअर हळूहळू लहान येत जातो. एकही पीस नापास व्हायच्या आधी ते तिच्या बोटांना कळलं होतं. गेज हातात घेणारे पुष्कळ पाहिलेत मी, पण इतक्या बारकाईनं हाताचं ऐकणारी माणसं थोडी असतात. त्याच आठवड्यात मी तिला लेथवर घ्यायचं ठरवलं.

आमचे जुने सेटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बेन, एनाथी नहीं थाय." म्हणजे तिला नाही जमणार. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, काका, तुम्ही शिकवाल तेवढं शिकवा, उरलेलं मी शिकवते. काकांना त्यांचं काम मनापासून आवडतं, आणि त्यांचं काम समजून घेणारं कुणी भेटलं की ते हात राखून शिकवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पहिले काही दिवस त्यांनी तिला नुसतं बाजूला उभं केलं आणि कट ऐकायला सांगितलं. नीट कट लागला की आवाज एकसारखा येतो. चॅटर (टूलची थरथर) आला की तोच आवाज किंचाळल्यासारखा होतो, आणि जॉबच्या पृष्ठभागावर बारीक लाटा उमटतात. चिप, म्हणजे कापून निघणारा धातूचा कीस, लांबलचक दोरीसारखी निघायला लागली तर फीड बघ, इन्सर्टचा चिपब्रेकर (चिप तोडणारी खाच) बघ. हे सगळं कुठल्या पुस्तकात वाचून यायचं नाही, असं काका म्हणत, आणि ते खरं आहे.

तिचं पहिलं सेटिंग एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) बुशचं, म्हणजे नळीसारख्या भागाचं, होतं. जॉ बोअर करून झाल्यावर तिनं डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, बघितला, मग एक जॉ पुन्हा साफ केला, कारण खाली चिपचा कण अडकला होता. पहिला पीस निघाल्यावर मोजायला घेतला आणि तसाच खाली ठेवला. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "गरम आहे ताई, गार होऊ दे." गरम जॉब माप मोठं दाखवतो. ते पाहून ऑफसेट बदलला तर गार झाल्यावर पीस कमी भरतो आणि कमी भरलेल्या जॉबला इलाज नाही. हे तिला कुणी आठवण करून द्यायला लागलं नाही. काकांनी पीस हातात घेतला, स्वतःच्या मायक्रोमीटरनं दोन ठिकाणी मोजला आणि तिला म्हणाले, "चाल, चलाव."

आता ती दोन लेथ सांभाळते. तिच्या मागून दोघी शिकताहेत, आणि त्यांना काकांकडे जायच्या आधी तिच्याकडे जाता येतं. पहिली तयार करणं कठीण असतं. दुसरीला समोर एक बाई दिसत असते.

शिकवायचं नाही म्हणून जी कारणं दिली जातात, ती मी इतक्या वेळा ऐकलीत की पाठ आहेत. पहिलं कारण लग्नाचं. लग्न होईल, जाईल, शिकवलेलं वाया जाईल. अहो, मुलगेही जातात! सेटिंग शिकला की सहा महिन्यांत शेजारच्या गल्लीत थोड्या जास्त पगारावर जातो, नाहीतर राजकोटला जातो. तेव्हा कुणी म्हणत नाही की मुलांना शिकवायला नको.

दुसरं कारण ताकदीचं. लेथचा मोठा चक तीस-पस्तीस किलोचा असतो, तो कुणीच एकट्यानं हातानं चढवू नये. चेन ब्लॉक असतो, हॉइस्ट असतो, ते वापरायचे. आमच्या शॉपमधले निम्मे पुरुष कंबरदुखीनं हैराण आहेत, कारण वर्षानुवर्षं मर्दानगी म्हणून वजन उचललं. मुली आल्यावर आम्ही एक छोटा हॉइस्ट बसवला आणि तो सगळ्यात जास्त पुरुषच वापरतात.

तिसरं कारण कायद्याचं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात २२ वं कलम होतं. चालू यंत्राची तपासणी करायची, त्याला तेल द्यायचं तर ते खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानंच करावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. उघड्या पट्ट्यांवर, शाफ्टवर सगळा कारखाना चालायचा त्या काळातला हा विचार आहे. पण त्याचा आधार घेऊन आजही सांगतात की बायकांना सेटिंगला ठेवता येत नाही. सीएनसीवर जॉ बदलताना, टूल लावताना, माप घेताना मशीन थांबलेलं असतं, आणि कट चालू असताना दार बंद असतं. २२ वं कलम त्या कामाला कधी आडवं आलंच नव्हतं. त्याच अधिनियमाच्या ६६ व्या कलमानं बायकांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात कारखान्यात काम करायची मुभा दिली होती. मद्रास उच्च न्यायालयानं २००० साली हे रात्रीचं बंधन घटनाविरोधी ठरवलं. आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचं ४३ वं कलम म्हणतं की बायकांना सगळ्या प्रकारच्या कामावर ठेवता येईल, आणि त्यांची संमती असेल तर सातनंतर आणि सहाच्या आधीही, सुरक्षेच्या अटी पाळून. म्हणजे कायद्याचं कारण आता उरलेलं नाही.

संमती हा शब्द मात्र मी फार गंभीरपणे घेते. रात्रपाळीला हो म्हणणाऱ्या मुलीला घरापासून गेटपर्यंत गाडी हवी, आणि त्या पाळीत ती एकटी बाई असता कामा नये. आमची पादऱ्याची मुलगी आधी एसटीनं येते, मग शटल रिक्षा. संध्याकाळी साडेसातनंतर त्या शटलमध्ये तिला बसवायची माझी तयारी नाही. म्हणून तिची पाळी सकाळचीच आहे. गाडीची सोय होईपर्यंत ती बदलणार नाही.

शौचालयाबद्दल लिहायला मला संकोच वाटत नाही. कारखाने अधिनियमाच्या १९ व्या कलमात बायकांसाठी वेगळी, बंदिस्त सोय सांगितली होती, आणि तरी कितीतरी ठिकाणी एकच असतं, त्याला कडी नसते. मी एका ठिकाणी नोकरीला होते, तिथे आम्ही दोघी-तिघी पाळीभर पाणीच प्यायचो नाही. उन्हाळ्यात, बडोद्याच्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली! मुली टिकत नाहीत असं म्हणणाऱ्या मालकांनी आधी त्या दाराची कडी बघावी. कपडे बदलायला खोली हवी. गावाकडून येणारी मुलगी पंजाबी ड्रेस आणि ओढणी घालून निघते, आणि मशीनजवळ ओढणी चालणारच नाही. सेफ्टी शूज मागवताना तिच्या मापाचे मागवा. पुरुषांचे सैल बूट घालून कूलंटनं ओल्या झालेल्या फरशीवर चालणं धोक्याचं आहे.

पाळणाघराचा प्रश्न लहान कारखान्यांत सुटलेला नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात २६ आठवड्यांची रजा आली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर सक्तीचं झालं. आम्ही पंचवीसजण. गल्लीतले बाकीचेही तसेच. पण पाळणाघर सामाईकही चालतं, असं कायदाच म्हणतो. एका गल्लीतल्या पाच-सहा युनिटनी मिळून एक खोली आणि दोन ताया ठेवल्या तर कुणालाच जड जाणार नाही. मी आमच्या मालकांच्या मागे लागले आहे, आणि शेजारच्या दोन युनिटवाल्यांशीही बोलले आहे.

आपण बडोद्यात राहतो हे मला अशा वेळी फार आठवतं. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन काढलं, हातानं काम करणाऱ्याला शास्त्र शिकवायचं म्हणून. १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि त्यात मुलीही होत्या. १९१४ साली महाराणी चिमणाबाईंच्या नावानं स्त्री उद्योगालय सुरू झालं. माझी आई तिथेच शिवण शिकली आणि त्या शिवणावर तिनं आम्हा दोघी बहिणींची फी भरली. त्या संस्थेचं ऋण मी कधी विसरणार नाही. पण यंत्राचं शिक्षण मुलांचं आणि सुईदोऱ्याचं मुलींचं, ही वाटणी शंभर वर्षांपूर्वी समजण्यासारखी होती. आज दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या आपल्या मराठी घरांत मुलीला कॉम्प्युटर इंजिनीअर करायला सगळे तयार असतात, आणि टर्नर, मशिनिस्ट म्हटलं की आई लगेच विचारते, "हात काळे होतील ना गं?" होतात. साबणानं जातात.

दहावी झालेल्या मुलीला आयटीआयमध्ये टर्नर, मशिनिस्ट, फिटर यांपैकी कुठलाही ट्रेड घेता येतो, प्रत्येकी दोन वर्षांचा. त्यानंतर अप्रेंटिसशिप. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, तेव्हा अर्ज करताना उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका. मुलाखतीला मुलीबरोबर गेलात तर पगाराबरोबर आणखी काही विचारा. हिला कुठल्या मशीनवर ठेवणार? सेटिंग कधी शिकवायला सुरुवात करणार? शिकवणार कोण? लैंगिक छळाची तक्रार समिती आहे का आणि त्यात कोण आहे? दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे ती २०१३ च्या कायद्यानं असायलाच हवी. आणि बायकांचं शौचालय स्वतः जाऊन बघून या.

आमच्याकडे पावसाळ्यानंतर आणखी एक लेथ येतोय. त्यावर शिकायला दोन मुली हव्या आहेत, टर्नर किंवा मशिनिस्ट झालेल्या. अनुभव नसला तरी चालेल. पाळी सकाळची, आणि सेटिंग पहिल्या महिन्यापासून.